राजीनामा घ्यायला माणूस नाही

डॉक्टर वार्षिक सभेला गेले ते बाथरूमच्या छतावर आलेल्या ओलीची तक्रार करायला, आणि परत आले ते सोसायटीचे अध्यक्ष होऊन.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही स्वतःचा गुडघा, सुनेचं पित्त आणि जावयाचं घोरणं यांच्यावर सल्ला घ्यायला लोक त्यांनाच जिन्यात गाठत. माणसांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसावं लागतं, हे एक कारण. दुसरं असं, की ज्याचे रोगी कधी तक्रार करत नाहीत, त्याला दुसऱ्याची तक्रार ऐकायला मोकळा वेळ असणारच, अशी सगळ्यांची खात्री होती.

सभेत घडलं ते इतकंच. आधीचे अध्यक्ष मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेले होते आणि त्यांची खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीकडे सगळे असे बघत होते, जणू तिचा रंग अजून ओला आहे. सेक्रेटरी हेडसर माइकपाशी उभे होते. ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं उलटली होती, पण ही बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोचली नव्हती. त्यांनी विचारलं, "कोणी आहे का?" नेमके त्याच क्षणी डॉक्टर उठून म्हणाले, "मला जरा बोलायचं होतं."

"डॉक्टर स्वतःहून पुढे आले आहेत," हेडसर म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या आवाजात ओल वाहून गेली.

घरी बायकोने दार उघडलं. ती मोठ्या रुग्णालयात मेट्रन होती. सगळा वॉर्ड तिच्या चपलांच्या आवाजावर उठायचा आणि झोपायचा.

"काय म्हणाले ओलीचं?"

"ओलीचं बोलणं राहिलं. पण मी अध्यक्ष झालो."

"म्हणजे आता तक्रार कोणाकडे करायची?"

"माझ्याकडेच."

"मग झालीच दुरुस्ती," असं म्हणून ती आत गेली.

सुरुवातीला डॉक्टरांना ते पद अगदीच वाईट वाटलं नाही. खालच्या दालनात पितळी पाटीवर कमिटीची नावं होती, त्यांत त्यांचं सर्वांत वर चढलं. बैठकीत बिस्किटांची बशी आधी त्यांच्यापुढे येई. कमिटीत चौघं. हेडसर सेक्रेटरी. फर्निचरच्या दुकानाचे मालक खजिनदार, त्यांना सगळी इमारत मागून 'सोफा' म्हणायची, आणि ते समोर नसले की त्यांची बायकोही. चौथ्या सूचनाबाई. कुठल्याही विषयावर "माझी एक छोटीशी सूचना आहे" म्हणून त्या सुरू होत. सूचना कधीच छोटी नसे. आणि पाचवे अध्यक्ष धरायचे झाले तर... पण नाही, चौघांत डॉक्टर आलेच. पाचवी जागा रिकामी होती आणि कुणालाच तिची उणीव भासत नव्हती.

या चौघांनी काय कमी कारभार केला? कचऱ्याच्या डब्यांना हिरवा रंग द्यायचा की निळा, यावर त्यांनी दोन बैठका घातल्या आणि शेवटी राखाडी दिला. कुत्र्यांना लिफ्टमधून न्यायची बंदी घातली, आणि त्या ठरावावर सही डॉक्टरांची घेतली. "तुमची सही असली की कुत्र्यांनाही वाईट वाटणार नाही," हेडसर म्हणाले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात चौथ्या मजल्यावरची मालकीण आपलं म्हातारं कुत्रं कडेवर घेऊन धापा टाकत आली. तिने ते टेबलावर ठेवलं आणि डॉक्टरांकडे असं पाहिलं, की त्यांनी दोघांनाही तपासलं.

असा कारभार सुरळीत चालला असताना पोर्चचा तुकडा पडला.

पोर्च हा इमारतीचा मानबिंदू. मुख्य दारावर काँक्रीटचा एक भलाथोरला स्लॅब पुढे आलेला होता, त्याच्या कपाळावर इमारतीचं नाव, आणि नावाच्या मागे ओळीने सिमेंटच्या जडशीळ कुंड्या. कुंड्या ही हेडसरांची कल्पना. त्यांच्या मते फुलांनी माणसावर संस्कार होतात. रोज सकाळी ते खिडकीतून पाइप सोडून त्या कुंड्यांना मनसोक्त पाणी घालत. माणसांवर संस्कार झाले की नाही कोण जाणे, स्लॅबवर मात्र व्यवस्थित झाले.

तुकडा पडला तो एका कुरियरवाल्याच्या स्कूटरच्या सीटवर. तो नुकताच उतरून आत पार्सल द्यायला गेला होता. बाहेर येऊन त्याने सीटवरचा ढलपा पाहिला, मग वर पाहिलं, मग हाताने सीट झटकली आणि पार्सल घेऊन मागोमाग बाहेर आलेल्या डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, इथे सही राहिली तुमची." डॉक्टरांनी सही केली. तो निघून गेल्यावर त्यांनी ढलपा हातात घेऊन पाहिला. सवयीने ते हरेक गोष्टीचं वजन हातानेच अजमावत. एखादं मांजर भरेल इतकं वजन होतं, आणि मांजराइतका मऊपणा अजिबात नव्हता.

डॉक्टरांनी हट्टाने इंजिनियर बोलावला. इंजिनियर म्हणजे एक सडपातळ बाई निघाल्या, खांद्याला पिशवी आणि पिशवीत हातोडी. सोफांनी त्यांना पाणी दिलं आणि साहेब कधी येणार म्हणून विचारलं. "साहेब आलेत," बाई म्हणाल्या, आणि शिडी मागवून वर चढल्या.

त्यांनी हातोडीने स्लॅबवर खालून टकटक करायला सुरुवात केली. भिंतीजवळ आवाज भरीव होता. पुढे सरकल्या तसा तो बदलला, पोकळ, घुमणारा. डॉक्टरांनी तो ओळखला. पोट फुगलेल्या गाईच्या कुशीवर टिचकी मारली की हाच आवाज येतो. तो ऐकल्यावर जनावरांचा डॉक्टर फार विचार करत बसत नाही, कारण विचार करायला गाय वेळ देत नाही.

बाई खाली उतरल्या. "आतलं लोखंड गंजून फुगलंय. कुंड्यांचं पाणी वर्षानुवर्षं मुरतंय. आजच्या आज कुंड्या उतरवा आणि खालची ये-जा बंद करा. मग टेकू देऊन हा भाग पाडून टाका. नवीन करायचा की नाही, ते नंतर ठरवा."

"म्हणजे साधारण किती दिवसांत पडेल?" सूचनाबाईंनी विचारलं.

"ते मला नाही सांगितलंय त्याने," बाई म्हणाल्या आणि हातोडी पिशवीत टाकून निघून गेल्या.

त्याच संध्याकाळी बैठक भरली.

"कुंड्या आत्ता हलवता येणार नाहीत," हेडसर म्हणाले. "कळ्या आल्या आहेत."

सोफांचं म्हणणं वेगळं होतं. "या इंजिनियर लोकांना घाबरवायची सवय असते. माझा एक माणूस आहे. खालून प्लास्टर मारेल, वर रंग देईल. कळणारही नाही."

"कोणाला कळणार नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोणालाच."

"पोर्चलासुद्धा?"

सोफा हसले. अध्यक्षांनी विनोद केला की हसायचं असतं, एवढी शिस्त कमिटीत होती.

मग सूचनाबाईंना एक छोटीशी सूचना सुचली. पाटी लावावी. 'येथून ये-जा स्वतःच्या जबाबदारीवर करावी.' म्हणजे काही झालंच, तर ज्याचं त्याचं. सगळ्यांचे चेहरे उजळले. इतका सोपा उपाय त्या इंजिनियरबाईंना शिकूनसवरून सुचला नव्हता. ठराव एकमताने मंजूर झाला. एकमत म्हणजे डॉक्टरांचंही आलंच. त्यांना एका घोडीचं बाळंतपण करायला जायचं होतं, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं, तूर्त पाटी लावू." घोडीला शिंगरू छान झालं. त्या रात्री डॉक्टरांना झोप मात्र आली नाही, आणि कारण घोडी नव्हती हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पाटी दुसऱ्या दिवशी लागली. ती टांगायला मजबूत खिळा हवा होता, म्हणून तो पोर्चमध्येच ठोकला.

रविवारी डॉक्टरांची मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण, वकील. घरात सगळे तिला धाकटी म्हणत, आणि न्यायालयात तिच्याशी गाठ पडलेले लोक काय म्हणत ते घरात कोणी विचारत नसे. ती जिना चढून आली तीच हसत.

"भावोजी, खालची पाटी कोणी लावली?"

"कमिटीने."

"अध्यक्ष कोण आहे?"

"आहे एक," डॉक्टर म्हणाले.

"त्याला सांगा, की न्यायाधीशांचं अर्धं काम त्याने करून ठेवलंय." ती खुर्ची ओढून बसली. "पाटी लावली म्हणजे धोका आहे हे तुम्हाला माहीत होतं. इंजिनियरने सांगितलं होतं. तरी रस्ता चालू ठेवला. वर लिहूनही ठेवलंत, की आम्हाला सगळं माहीत आहे. उद्या कोणाच्या डोक्यात पडला, तर ही पाटी तुम्हाला वाचवणार नाही. ती समोरचा वकील फोटो काढून दाखवणार. मी असते तर मोठा करून दाखवला असता."

"पण जबाबदारी सोसायटीची ना?"

"सोसायटी म्हणजे कोण? काँक्रीट आणि कुंड्या? लोकांनी तुम्हाला निवडलंय ते विश्वासाने. त्यांची मालमत्ता आणि त्यांचे जीव सांभाळायला. शहाणा माणूस स्वतःच्या घराची घेईल तेवढी काळजी घ्यायची, स्वतःचा फायदा बघायचा नाही, आणि माहीत असलेल्या धोक्याकडे पाठ फिरवायची नाही. एवढं केलंत आणि तरी काही झालं, तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. पण माहीत असून गप्प बसलात, तर तो सोसायटीला बाजूला सारून थेट तुमच्या दारात येतो. प्रत्येकाच्या. वेगवेगळ्या."

मेट्रन भांडी लावता लावता थांबली. "यांना तर कमिटीत बिस्किटं देतात म्हणून सांगत होते."

"बिस्किटांची पावती ही," धाकटी म्हणाली.

डॉक्टरांनी लगेच बैठक बोलावली आणि ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. 'प्रत्येकाच्या दारात' या शब्दांपाशी खोलीत बिस्किट मोडल्याचा आवाज झाला. तो सोफांच्या हातातल्या बिस्किटाचा होता.

डॉक्टरांची अपेक्षा होती, की आता तरी लोक म्हणतील, चला, रस्ता बंद करू. लोक हलले खरे, पण दाराकडे. हेडसरांना एकदम आठवलं, की नातवाच्या अभ्यासाकडे त्यांचं फार दुर्लक्ष झालंय आणि या वयात सेक्रेटरीपद झेपत नाही. सोफांच्या धंद्याचा व्याप त्या दहा मिनिटांत भलताच वाढला. सूचनाबाईंनी कंबरेला हात लावला. बैठक संपायच्या आत तीन राजीनामे टेबलावर होते. हेडसरांनी आपल्या राजीनाम्यावर आदल्या आठवड्याची तारीख घातली होती. मुलांच्या रजेच्या अर्जांवरच्या खोट्या तारखा पकडण्यात त्यांनी आयुष्य घालवलं होतं, तो अनुभव फुकट गेला नव्हता.

डॉक्टर काही संत नव्हते. घरी आल्यावर त्यांनीही कागद काढला आणि धाकटीला फोन लावला.

"मी राजीनामा देतोय. कोणाला द्यायचा?"

"कमिटीला."

"कमिटीत कोणी उरलेलं नाही."

"मग घेणार कोण? राजीनामा घ्यायला माणूस नाही, म्हणजे तो दिलाच नाही. नवी कमिटी येऊन सूत्रं हातात घेईपर्यंत सगळं तुमच्याकडेच."

"आणि त्या तिघांचं?"

"पोर्च पडला तर त्यांनाही बोलावणारच. राजीनामा दिल्याने पद जातं भावोजी, माहीत असलेलं विसरता येत नाही." मग ती मुद्द्यावर आली. "हे बघा, जिवाचा धोका असला की अध्यक्षाने सभेची वाट बघत बसायचं नसतं. आधी धोका थांबवा. मग सगळ्यांची सभा बोलवा आणि झालेल्या गोष्टीला मंजुरी घ्या."

डॉक्टरांनी फोन ठेवला. त्यांना राग येत होता, पण नेमका कोणाचा ते ठरेना. हेडसरांचा म्हणावा, तर तो तिघांत वाटून जात होता. शेवटी तो फिरून स्वतःवरच आला. बरं, तूर्त पाटी लावू, असं त्यांच्याच तोंडून निघालं होतं. तो कुरियरवाला स्कूटरवरून उतरायला आणखी थोडा रेंगाळला असता तर? त्याने शांतपणे सीट झटकली होती आणि यांनी शांतपणे सही केली होती.

सकाळी त्यांनी दवाखान्यातून गुरांना बांधायचा जाड दोर आणला, पोर्चखालच्या जागेभोवती चहूबाजूंनी ताणून बांधला, ती पाटी काढली आणि दुसरी लावली. 'रस्ता बंद. मागच्या दाराने जावे. – अध्यक्ष.' मेट्रन कामावर निघाली होती. तिने दोराच्या गाठी ओढून पाहिल्या, एक सैल वाटली ती सोडून पुन्हा बांधली आणि मागच्या दाराने निघून गेली.

मागचं दार म्हणजे राखाडी डबे, जनरेटर आणि एक गटाराचं झाकण. लोक संतापले. आजवर कधी एकमेकांच्या दाराची घंटा न वाजवलेली माणसं डॉक्टरांच्या विरोधात एक झाली. सोसायटीच्या ग्रुपवर हुकूमशाही हा शब्द इतक्या वेळा आला, की शेवटी लोक तो बरोबर लिहू लागले. आता साधे सदस्य झालेले हेडसर रोज सकाळी नागरिकांचे हक्क या विषयावर लिहायचे. सोफांनी विचारलं, की दुकानाची गिऱ्हाइकं घरी आली तर त्यांना कचऱ्याच्या डब्यांमधून आणायचं का. आणि सूचनाबाईंची एक छोटीशी सूचना होती, की अध्यक्षांनी राजीनामा द्यावा.

या सगळ्याला डॉक्टर पुरून उरले. एकाच माणसापुढे त्यांचं काही चालेना. ते म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा.

आजोबा पोर्चखालच्या बाकावर बसत. सकाळी बसत ते जेवायला उठत आणि पुन्हा येऊन बसत. कोण कोणाबरोबर आलं, कोणाच्या पिशवीत काय होतं, कोणाचा जावई रुसून गेला, हे सगळं त्या बाकावर जमा होई. त्यांनी दोर पाहिला, काठीने वर उचलला, खालून वाकून आत गेले आणि बसले.

"आजोबा, उठा. वरचा भाग पडणार आहे."

"पडू दे. माझं झालंय वय."

"तुमचं वय झालंय, पण माझ्या डोक्याला ताप होईल त्याचं काय?"

"म्हणजे तुम्हाला स्वतःची काळजी," आजोबा समाधानाने म्हणाले.

डॉक्टर दोराखालून आत गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. वर पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मान सारखी वर जात होती. पाटीच्या खिळ्यापासून निघालेली भेग आता पुढच्या कडेपर्यंत पोचली होती.

"तुम्ही इथे का बसला?" आजोबांनी विचारलं.

"तुम्ही उठेपर्यंत बसतो. अध्यक्ष आहे, एकट्याला कसं सोडू?"

"दवाखाना?"

"बंद."

दोघांच्या मध्ये वाळूसारखी बारीक भुकटी पडली. आजोबांनी खांद्यावरची भुकटी बोटाने पुसली, बोट निरखून पाहिलं आणि पहिल्यांदाच स्वतःहून वर पाहिलं.

"बाक न्याल का मागे?" त्यांनी हळूच विचारलं. "मला उचलत नाही."

डॉक्टरांनी बाक पाठीवर घेतला आणि मागच्या दाराशी जनरेटरच्या सावलीत नेऊन ठेवला. दोन दिवसांत आजोबांची कळी खुलली. पुढच्या दाराने लोक तोऱ्यात जायचे. मागच्या दाराने ते कचरा घेऊन, नाक दाबून, गटाराच्या झाकणापाशी थबकून जायचे, आणि थबकलेला माणूस बोलतो. शिवाय कचऱ्यात काय काय असतं हे पिशवीपेक्षा कितीतरी मोकळेपणाने दिसे. "इथे बसायचं मला आधी कोणी सांगितलं नाही," ते ज्याला त्याला सांगू लागले. मागच्या दाराचा इमारतीतला पहिला समर्थक असा डॉक्टरांना मिळाला.

मग सगळ्यांची सभा भरली. धाकटीने सांगितलं होतं तसं डॉक्टरांनी आधी काय केलं ते सांगितलं, का केलं ते सांगितलं आणि पोर्च पाडायचा ठराव मांडला. इंजिनियरबाईही आल्या होत्या. त्यांनी पुन्हा सगळं समजावलं. लोकांनी ते अर्धवट ऐकलं, कारण सोफा उभे राहायची सगळे वाट बघत होते.

"पाडायची गरजच नाही," सोफा म्हणाले. "प्लास्टर आणि रंग. माणूस तयार आहे, उद्यापासून काम सुरू करेल."

"हा माणूस तुमचा कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"अनुभवी आहे."

"ते झालंच. नात्याने कोण?"

सोफांनी रुमाल काढला. "मेहुणा. पण त्याचा काय संबंध?"

"संबंध एवढाच, की या विषयावर तुम्ही मत देऊ नये. माझ्या मेहुणीला मी इथे वकील म्हणून नेमलं असतं तर तुम्ही मला सोडलं असतं का?"

मागे कोणीतरी हसलं. आजोबाच होते.

हेडसर उठले. ते परंपरेवर बोलले, इमारतीच्या चेहऱ्यावर बोलले, आणि फुलांवर बोलताना त्यांचा आवाजही जड झाला. शेवटी म्हणाले, "या ठरावाला ज्यांचा विरोध आहे त्यांनी हात वर करावेत."

हात वर झाले. इतके, की डॉक्टरांना पुढच्या रांगेमागचं काही दिसेना. क्षणभर त्यांना वाटलं, सोडून द्यावं, दोरही सोडावा आणि दवाखान्यात जाऊन एखाद्या गाईशी बोलावं. तेवढ्यात मेट्रन उभी राहिली. सभेत ती आजवर कधी बोलली नव्हती.

"हात तसेच ठेवा," ती म्हणाली, वॉर्डात म्हणते त्या आवाजात. "खाली आणू नका. मी प्रत्येकाचं नाव टिपून घेते. इंजिनियरने धोका समोर येऊन सांगितला आणि या माणसांनी पोर्च तसाच ठेवायला सांगितलं, असं इतिवृत्तात नावानिशी लिहायचं आहे. म्हणजे उद्या काही झालं तर कोणाच्या दारात जायचं ते शोधत बसायला नको. हं, पहिल्या रांगेपासून. तुमचं पूर्ण नाव?"

पहिल्या रांगेतल्या गृहस्थांच्या हाताला खाज सुटली. त्यांनी तो डोक्यावर नेला आणि तिथून खाली. शेजारणीने आपला हात केसांतल्या पिनेपर्यंत नेऊन थांबवला. हात वितळल्यासारखे खाली येत गेले. हेडसरांचा सर्वांत शेवटी आला. तो त्यांनी सावकाश घड्याळापाशी आणला, जणू वेळच बघायचा होता.

"बरं," डॉक्टर म्हणाले. "ठरावाच्या बाजूने?"

डॉक्टर, मेट्रन, आजोबा आणि ते म्हातारं कुत्रं कडेवर घेऊन चौथा मजला चढणारी बाई. कुत्र्याने पंजा वर केला होता, पण तो धरला नाही. बाकी सारी सभा तटस्थ राहिली. छताकडे, पंख्याकडे, स्वतःच्या नखांकडे बघत बसली. चार विरुद्ध शून्य मतांनी ठराव मंजूर झाला.

कामगार आले. त्यांनी आधी टेकू लावले, मग कुंड्या उतरवायला घेतल्या. हेडसर खिडकीतून बघत होते. एकेक कुंडी उतरवायला दोन-दोन माणसं लागत होती. कुंड्या संपल्या तसा मुकादमाने भिंतीजवळून तोडायला एक घाव घातला, दुसरा घातला, आणि ओरडून आपल्या माणसांना मागे ओढलं. टेकूच्या पुढचा सगळा भाग इमारतीच्या नावासकट एका दमात खाली आला. जमीन हादरली. धूळ बसायला बराच वेळ लागला. ती बसली तेव्हा आजोबांचा बाक आधी जिथे असायचा तिथे कंबरेएवढा ढीग होता.

कोणालाही खरचटलं नाही. डॉक्टर दोर हातात धरून उभे होते. त्यांना तो गुंडाळायचा होता, पण वेटोळं काही जमेना. आजोबा मागच्या दाराने वळसा घालून आले, ढिगाकडे बघत राहिले, आणि त्यांनी डॉक्टरांच्या हातातून दोराचं एक टोक घेऊन धरलं.

संध्याकाळपर्यंत इमारतीचं मत तयार झालं होतं. पोर्च चांगला भक्कम होता, कामगारांनी ठोकून ठोकून पाडला. हेडसरांनी ग्रुपवर लिहिलं, की धोक्याची पहिली पाटी आपल्याच कार्यकाळात लागली होती, याची नोंद असावी. सूचनाबाईंची छोटीशी सूचना होती, की यापुढे असे निर्णय वेळेवर घ्यावेत.

धोका गेल्यावर निवडणूक लागली, तेव्हा उमेदवारांची रांग लागली. हेडसरांचा नातू अभ्यासात एकाएकी हुशार झाला, सोफांचा व्याप कमी झाला, सूचनाबाईंची कंबर सरळ झाली. डॉक्टरांनी विनंती केली, की प्रत्येक उमेदवाराने उभं राहून एवढंच म्हणावं: कारभाराची जबाबदारी माझ्यावर व्यक्तिशः आहे हे मला समजलं आहे. धाकटीने वाक्य लिहून दिलं होतं. ते वाचायला कागद पुढे गेला आणि रांग विरघळली. हेडसर अर्ध्या वाक्यापर्यंत गेले, 'व्यक्तिशः'पाशी त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि पाणी प्यायला गेले ते गेलेच.

शेवटी कागद मेट्रनच्या हातात आला. तिने तो न अडखळता वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. इंजिनियरबाईंचा सल्ला पटलेली आणखी काही माणसं मग भीत भीत उभी राहिली. कुत्र्यावाली बाई त्यांतलीच एक. मेट्रन बिनविरोध अध्यक्ष झाली. एकाच घरातली दोन माणसं कमिटीत नसावीत, हे धाकटीने लगेच फोनवरून बजावलं, आणि डॉक्टरांनी घरीच, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, आपला राजीनामा अध्यक्षांकडे दिला. मेट्रनने हात पुसले, तो दोनदा वाचला, शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि मंजूर केला.

पुढच्या सभेला डॉक्टर शेवटच्या रांगेत आजोबांच्या शेजारी बसले. कसलंही ओझं नसलेला माणूस किती सढळ बोलू शकतो याचा त्यांना नव्यानेच शोध लागला होता. पार्किंगचा विषय निघाला. ते उभे राहिले आणि पार्किंगवरून रस्त्यावर, रस्त्यावरून मोकाट गुरांवर, गुरांवरून आपल्या तरुणपणातल्या एका बैलावर आले.

मेट्रनने चष्म्यावरून पाहिलं.

"सदस्यांनी विषयाला धरून बोलावं," ती म्हणाली. "आणि बसून बोललात तरी चालेल."

डॉक्टर बसले. आजोबांनी त्यांच्याकडे झुकून विचारलं, "मग त्या बैलाचं काय झालं?"